पन्नाशीत जिंकलेला हंगाम : कर्नल सी. के. नायडू आणि होळकर संघ

भिलाई, ३१ ऑक्टोबर : भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे कर्णधार कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू यांची आज जयंती. १९३२ सालचा लॉर्ड्सचा सामना आणि मैदानाबाहेर जाणारे उत्तुंग षटकार यांमुळे सी. के. नायडू हे नाव अजरामर झाले. मात्र त्यांच्या आयुष्यातील सर्वांत चिवट कार्य कसोटी क्रिकेटचे दरवाजे बंद झाल्यानंतरचे आहे. वयाच्या पन्नाशीत त्यांनी इंदूरच्या होळकर संघाला रणजी करंडकाचे विजेतेपद मिळवून दिले. खेळावर उपजीविका करणाऱ्या खेळाडूंचा संघ कसा घडतो आणि आश्रय संपल्यावर त्याचे काय होते, याचे चित्र या कथेत दिसते. पोलाद कारखान्याच्या आधाराने खेळाडूंच्या पिढ्या वाढवणाऱ्या भिलाईला ही कथा परकी वाटणार नाही.

सी. के. यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे एका तेलुगू भाषक, सुशिक्षित आणि संपन्न कुटुंबात झाला. त्या काळी नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती आणि आजच्या दुर्ग, भिलाई, रायपूरचा प्रदेश त्याच प्रांतात मोडत असे. वडील सूर्यप्रकाश राव यांनी केंब्रिजमध्ये शिक्षण घेतले होते. घरात इंग्रजी विद्या होती आणि दाराबाहेर मराठी नागपूर होते. हिस्लॉपमध्ये शिकत असतानाच उंच, सडपातळ आणि ताठ चालीच्या या तरुणाचा खेळ नजरेत भरू लागला.

१९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून ते युरोपीय संघाविरुद्ध प्रथमश्रेणी सामन्यात उतरले. संघाची अवस्था बिकट असताना या नवख्या खेळाडूने षटकार ठोकून आपले खाते उघडले. १९२३ मध्ये होळकर संस्थानच्या अधिपतींनी त्यांना इंदूरला बोलावून लष्करात कॅप्टनचा हुद्दा दिला. त्या काळी क्रिकेटपटूला पोट भरण्याचे मार्ग मोजके होते. संस्थानाची चाकरी हा त्यांतला सर्वांत भरवशाचा मार्ग. नागपूरचा हा खेळाडू त्यानंतर कायमचा इंदूरकर झाला.

१ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखाना मैदानावर आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी केलेल्या १५३ धावांनी भारतीय क्रिकेटचे भाग्य बदलले. दोन तासांहून कमी वेळात झालेल्या त्या खेळीत ११ षटकार होते. भारतीय खेळाडू इंग्लंडच्या गोलंदाजांना निर्भयपणे सामोरे जाऊ शकतात, हे त्या दुपारी सिद्ध झाले. दोन वर्षांनी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना झाली आणि १९३२ मध्ये भारताला कसोटीचा मान मिळाला.

त्या दौऱ्याचे कर्णधारपद मूळचे पोरबंदरच्या महाराजांकडे होते आणि उपकर्णधारपद लिंबडीच्या घनश्यामसिंहजींकडे. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर पहिली कसोटी सुरू झाली, तेव्हा मात्र संघाचे नेतृत्व सी. के. यांनी केले. क्षेत्ररक्षण करताना हाताला दुखापत होऊनही पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. दौऱ्यातील २६ प्रथमश्रेणी सामन्यांत त्यांनी १,६१८ धावा केल्या आणि ६५ बळी घेतले. ‘विस्डेन’ने १९३३ साली त्यांची वर्षातील सर्वोत्तम पाच क्रिकेटपटूंत निवड केली. भारताकडून कसोटी खेळल्यानंतर हा मान मिळालेले ते पहिले क्रिकेटपटू होत.

यानंतरचा काळ कटू होता. १९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिन यांच्या संघाविरुद्ध मायदेशातील पहिल्या कसोटी मालिकेतही सी. के. कर्णधार होते. पण १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी नेतृत्व विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. खेळापेक्षा धन आणि वशिला वरचढ ठरला. संघात गट पडले, लाला अमरनाथ यांना दौऱ्यातून परत पाठवण्यात आले. आपल्याहून कितीतरी कमी कुवतीच्या कर्णधाराच्या हाताखाली सी. के. खेळले. ओव्हलवरील अखेरच्या कसोटीत वेगवान चेंडूचा जबर मार सोसून त्यांनी ८१ धावा केल्या. तीच त्यांची शेवटची कसोटी ठरली. ७ कसोटी आणि ३५० धावा एवढ्यावर त्यांची कसोटी कारकीर्द थांबली. पुढे महायुद्धामुळे आंतरराष्ट्रीय क्रिकेटच बंद पडले.

चाळिशी ओलांडलेला दुसरा एखादा खेळाडू निवृत्त झाला असता. सी. के. यांनी संघ उभारायला घेतला. रणजी स्पर्धेत मध्य भारताच्या नावाने खेळणारा इंदूरचा संघ १९४१-४२ पासून होळकर या नावाने उतरू लागला. महाराज यशवंतराव होळकर यांचा आश्रय होता. खेळाडूंना संस्थानात हुद्दे आणि वेतन मिळे. त्यामुळे हंगामभर सराव करण्याची उसंत मिळे. मुश्ताक अली इंदूरचेच होते. धाकटे बंधू सी. एस. नायडू बडोद्याहून आले. चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे, हिरालाल गायकवाड असे खेळाडू या संघाने जोडले. त्यांच्या नावांवरूनच होळकरांच्या पागोट्याखाली किती मराठी गुणवत्ता एकवटली होती, हे लक्षात येते. सी. के. यांची शिस्त लष्करी होती. तंदुरुस्तीत हयगय किंवा सरावाला उशीर त्यांना खपत नसे आणि स्वतःलाही ते त्यातून सूट देत नसत.

१९४४-४५ मध्ये हा संघ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला. मुंबईविरुद्धचा तो सामना विक्रमी ठरला. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या. होळकर संघासमोर ८६७ धावांचे लक्ष्य होते. युद्धानिमित्त महू येथे नेमणुकीवर असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन होळकर संघाकडून खेळले आणि नाबाद २४९ धावा करूनही पराभव टाळू शकले नाहीत. सी. एस. नायडू यांनी त्या एका सामन्यात ९१७ चेंडू टाकले. होळकर संघ ३७४ धावांनी हरला, पण दुसऱ्या डावात ४९२ धावांपर्यंत झुंजला.

पुढचा १९४५-४६ चा हंगाम या झुंजीचे फळ घेऊन आला. उपांत्य सामन्यात इंदूर येथे होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर आणि प्रताप सिंह यांच्यासह स्वतः सी. के. अशा सहा जणांनी त्या डावात शतके झळकावली. एका डावात सहा शतके हा जागतिक विक्रम होता.

अंतिम सामन्यात गाठ पडली ती बडोद्याशी. एका बाजूला होळकर, दुसऱ्या बाजूला गायकवाड. दोन मराठा संस्थानांची जुनी चुरस आता क्रिकेटच्या मैदानावर आली होती. बडोद्याकडे विजय हजारे होते. होळकर संघाचा पहिला डाव ३४२ धावांत आटोपला. त्यांतील २०० धावा पन्नास वर्षांच्या कर्णधाराच्या होत्या. प्रथमश्रेणी क्रिकेटमधील त्यांची ही सर्वोच्च खेळी. बडोद्याने चौथ्या डावात ३६१ धावांपर्यंत चिवट प्रतिकार केला, पण होळकर संघाने ५६ धावांनी विजय मिळवून पहिला रणजी करंडक पटकावला. दहा वर्षांपूर्वी ज्यांचे नेतृत्व हिरावले गेले होते, त्यांनी त्याला मैदानातून दिलेले हे उत्तर होते. त्याच उन्हाळ्यात मुश्ताक अली, सी. एस. नायडू आणि सरवटे भारतीय संघातून इंग्लंडला गेले.

विजयाचा उन्माद टिकू न देणारा प्रसंगही लगेच आला. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याच्या हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी करून होळकर संघाला चिरडले. त्याच्या पुढच्याच हंगामात सी. के. यांच्या संघाने मुंबईला नमवून करंडक परत मिळवला. १९५०-५१ मध्ये गुजरात आणि १९५२-५३ मध्ये बंगाल पराभूत झाले. ११ हंगामांत १० अंतिम सामने आणि ४ विजेतेपदे असा हा आलेख आहे. मुंबईविरुद्धच्या एका लढतीत दत्तू फडकर यांचा चेंडू तोंडावर आदळून दात तुटला असताना छप्पन वर्षांच्या सी. के. यांनी खेळपट्टी झाडून पुन्हा पवित्रा घेतला, ही हकीकत क्रिकेटवर्तुळात आजही सांगितली जाते.

मात्र संघाच्या पायाखालची जमीन सरकत होती. १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. आश्रयदात्याचे राज्य गेल्यावरही संघाने नाव काही वर्षे टिकवले. १९५४-५५ च्या अंतिम सामन्यात मद्रासकडून झालेल्या पराभवाबरोबर होळकर संघाचा इतिहास संपला.

त्याच १९५५ साली भिलाई येथे पोलाद कारखाना उभारण्याचा भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील करार झाला. १९५६ मध्ये इंदूर आणि भिलाई ही दोन्ही ठिकाणे नव्या मध्य प्रदेशात आली आणि होळकर संघाचा वारसा मध्य प्रदेशच्या रणजी संघाकडे गेला. संस्थानिकांची जागा आता रेल्वे, बँका आणि सार्वजनिक उद्योगांनी घेतली. भिलाईच्या मैदानांवर घडलेले फिरकीपटू राजेश चौहान मध्य प्रदेशकडून खेळत भारतीय संघात पोहोचले आणि २१ कसोटी सामने खेळले. छत्तीसगडचा स्वतंत्र संघ २०१६-१७ पासून रणजी करंडकात उतरला. मध्य प्रदेशला पहिला रणजी करंडक मिळण्यासाठी मात्र २०२२ साल उजाडावे लागले. तो संघ चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली घडला होता आणि अंतिम फेरीत त्याने मुंबईलाच हरवले.

सी. के. यांना १९५६ मध्ये पद्मभूषण देण्यात आले. हा सन्मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू होत. १९५६-५७ च्या हंगामात, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशकडून रणजी सामने खेळले. प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये २०७ सामने, ११,८२५ धावा आणि ४११ बळी अशी त्यांची नोंद आहे. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची युवा खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा आजही दरवर्षी खेळली जाते. रणजी संघाच्या उंबरठ्यावर उभे असलेले देशभरातील तरुण क्रिकेटपटू कर्नल सी. के. नायडू करंडकासाठी मैदानात उतरतात आणि त्यांत छत्तीसगडचाही संघ असतो.