साने गुरुजींची लेखणी आणि खान्देश

‘श्यामची आई’ अवघ्या पाच दिवसांत लिहून झाली, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ हे ते दिवस आणि स्थळ नाशिकचा तुरुंग. या वेगाचे कौतुक होते. त्यामागची तयारी खान्देशात झाली, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

कोकणातील पालगडचे पांडुरंग सदाशिव साने १९२४ मध्ये अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे वसतिगृहही त्यांच्याकडे आले. दिवसभराचे वर्ग, मुलांची दुखणीखुपणी, झाडलोट, अगदी त्यांचे कपडे धुण्यापर्यंतची कामे. यातून लेखनासाठी निवांतपणा लाभणे अवघडच. संकोची स्वभावाच्या या शिक्षकाने निवांतपणाची वाट पाहिली नाही. मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित त्यांनी सुरू केले. छपाई नाही, वर्गणी नाही, मानधनाचा तर प्रश्नच नाही. वाचक मात्र एकाच छपराखाली राहणारे. काही सुचले नाही म्हणून अंक चुकवावा, तर या वाचकांना तोंड कसे दाखवायचे? वृत्तपत्रातील नोकरीपेक्षाही हा धाक कडक म्हणावा लागेल.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. तुरुंगवास घडला आणि हे वाचक दुरावले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांना तमिळ भाषेची ओळख झाली. पुढे तिरुवळ्ळुवरांचे ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे गीतेवर प्रवचने देत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. ती प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली आणि ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ मराठीला मिळाला. स्वतः लेखक असलेल्या माणसाने इतके महिने दुसऱ्याचे शब्द टिपत बसावे, हे वरकरणी नुकसानीचे वाटेल. पण बोललेला शब्द त्याचा ओघ न मोडता कागदावर कसा उतरवावा, याचा याहून चांगला सराव दुसरा नसावा.

त्यानंतर वर्षभराच्या आतच ‘श्यामची आई’ अवतरली. तिची रचनाही बोलण्याचीच आहे. आश्रमातील सोबत्यांना श्याम रात्रीमागून रात्र आठवणी सांगतो. अमळनेरची मुले तुरुंगात नव्हती. श्रोते कथेतच आणून बसवले गेले.

सुटकेनंतरही नियतकालिकाची सक्ती त्यांनी सोडली नाही. १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक निघाले आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी मुंबईत ‘साधना’. ११ जून १९५० रोजी संपादक गेले. ‘साधना’ आजही निघते.