रिबनचा शिलेदार आणि ओसामू तेझुका

जपानमधील ओसाका शहराजवळ ताकाराझुका नावाचे गाव आहे. १९१३ साली रेल्वे कंपनीचे चालक इचिझो कोबायाशी यांनी तेथे केवळ मुलींची अशी एक नाट्यसंस्था काढली. हेतू कलेपेक्षा धंद्याचा अधिक होता. रेल्वेचा फाटा त्या गावी संपत असे आणि शेवटच्या स्थानकापर्यंत प्रवाशांना ओढून आणील असे काहीतरी तेथे हवे होते. आपल्या संगीत रंगभूमीवर पुरुष स्त्रीभूमिका करीत. येथे त्याच्या नेमके उलट होते. राजपुत्र, सेनापती, प्रियकर अशा सर्व भूमिका मुलीच करीत, आणि पुरुषवेशातील या नटींवर शाळकरी मुली जीव ओवाळून टाकीत.

ओसामू तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी तोयोनाका येथे झाला. ते पाच वर्षांचे असताना त्यांचे कुटुंब ताकाराझुकास राहावयास आले. आई त्यांना या नाटकांना घेऊन जाई. वडिलांकडे घरगुती प्रोजेक्टर होता, त्यावर डिस्नेचे चित्रपट पाहावयास मिळत. उरलेला वेळ रानात किडे गोळा करण्यात जाई. ओसामूशी या भुंगेऱ्याचे नाव आपल्या नावाशी जुळते हे ध्यानात येताच त्यांनी सहीत कीटक या अर्थाचे अक्षर जोडून टाकले, आणि तीच सही जन्मभर चालली.

मग युद्ध आले. १९४४ साली ताकाराझुकाचे नाट्यगृह बंद झाले. शाळकरी तेझुकांना कारखान्यात कामास जुंपण्यात आले. १९४५ च्या जूनमधील ओसाकावरील बाँबहल्ल्यातून ते थोडक्यात बचावले. त्याच वर्षी त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश घेतला, पण वर्गात बसून चित्रे काढण्याचे वेड सुटले नाही. १९४७ साली, विद्यार्थीदशेतच, शिचिमा साकाई यांच्या सहकार्याने काढलेले त्यांचे ‘नवे रत्नबेट’ हे चित्रकथेचे पुस्तक लाखांच्या संख्येने खपले. पुढे ते डॉक्टरीची परीक्षा उत्तीर्ण झाले खरे, पण दवाखाना काही त्यांनी थाटला नाही. आपल्याकडे असा मुलगा घरी जन्मला असता तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

जपानी चित्रकथांना मांगा म्हणतात. १९५२ पर्यंत अणुशक्तीवर चालणाऱ्या यंत्रबालक आतोमच्या कथेने तेझुका मुलांच्या मासिकांत प्रसिद्ध झाले होते. मुलींच्या मासिकांत मात्र तेव्हा छोट्या विनोदी पट्ट्या आणि सचित्र गोष्टी यांचीच चलती होती. कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘शोजो क्लब’ मासिकात जानेवारी १९५३ पासून तेझुकांची ‘रिबन नो किशी’, म्हणजे रिबनचा शिलेदार, ही मालिका सुरू झाली आणि ते चित्र पालटले. मुलींसाठीची दीर्घ कथामालिका येथूनच खऱ्या अर्थाने सुरू झाली असे मानले जाते.

कथा अशी : स्वर्गात जन्माची वाट पाहणाऱ्या बालकांना मुलाचे किंवा मुलीचे हृदय वाटले जात असते. टिंक नावाचा खोडकर देवदूत एका बालकाला आधीच मुलाचे हृदय खाऊ घालतो आणि देवाकडून तिला मुलीचेही मिळते. हीच राजकन्या सफायर. तिच्या राज्यात मुलीला गादी मिळत नाही. गादी दुष्ट सरदाराच्या घराण्यात जाऊ नये म्हणून तिला राजपुत्र म्हणून वाढविले जाते. एकांतात ती मुलगी असते आणि दरबारात मुलगा. आणि मुखवटा घालून, तलवार उपसून अन्यायाशी लढताना ती रिबनचा शिलेदार होते. यात ताकाराझुकाच्या रंगमंचाची आठवण पानोपानी आहे. सफायरचे मोठे, चमकदार डोळे, भरजरी पोशाख, नृत्याचे प्रसंग, सारे काही तेथूनच उतरले आहे.

पण येथे एक गोष्ट खटकते. सफायर शूर आहे ती तिच्यात मुलाचे हृदय आहे म्हणून. ते काढून घेतले की तिचे बळ सरते. शेवटी राजपुत्र फ्रान्झशी विवाह होतो आणि तलवार बाजूला राहते. मुलीला तलवार द्यावयाची तर ती मुलाच्या हृदयाच्या हवाली करूनच द्यावी लागली. १९५३ सालचा पुरुष लेखक त्यापलीकडे जाऊ शकला नाही. असे असूनही हजारो मुलींनी ती तलवार पाहिली, हे विसरून चालणार नाही.

तेझुकांना स्वतःलाही ही कथा पुरी झाल्यासारखी वाटली नसावी, कारण ते तिच्याकडे पुन्हा पुन्हा वळले. पहिली मालिका जानेवारी १९५६ मध्ये संपली. १९५८ मध्ये ‘नाकायोशी’ मासिकात सफायरच्या जुळ्या अपत्यांची गोष्ट आली. तिच्यात मुलगी व्हायोलेटा हिला हरवलेल्या भावाचेही सोंग घ्यावे लागते. १९६३ ते १९६६ या काळात त्यांनी मूळ कथाच ‘नाकायोशी’साठी नव्याने रेखाटली. आज बहुतेकांना माहीत असलेली आवृत्ती ती हीच. हिच्यात एक जादूगारीण आहे. आपली मुलगी हेकेट नाजूक, सुशील व्हावी म्हणून तिला सफायरचे मुलीचे हृदय हवे असते. गंमत अशी की, रूप पालटणाऱ्या या हेकेटला ते हृदय नकोच असते. ती आहे तशीच बरी आहे. मला तर साऱ्या मालिकेत हीच मुलगी सर्वांत जवळची वाटते. एप्रिल १९६७ पासून वर्षभर तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शनने ही कथा ५२ भागांत दूरदर्शनवर आणली.

तोक्योतील तोकिवासो या साध्या लाकडी इमारतीत १९५३ साली तेझुका राहावयास गेले होते. ते सोडून गेले, पण त्यांच्या मागोमाग तरुण चित्रकारांची तेथे वसाहतच झाली. त्यांतील फुजिओ आकात्सुका यांनी १९६२ मध्ये ‘रिबन’ या मासिकात आक्को नावाच्या मुलीची कथा सुरू केली. तिच्या हाती असा आरसा येतो की ती हवे ते रूप घेऊ शकते. जादूच्या मुलींच्या मांगा-परंपरेचा आरंभ या कथेपासून धरतात. हिदेको मिझुनो ही तरुणीही १९५८ मध्ये काही महिने तोकिवासोमध्ये राहिली आणि पुढे मुलींच्या मांगातील आघाडीची लेखिका झाली.

तेझुकांनीही १९७० मध्ये जादूच्या मुलीची एक कथा लिहिली. मेल्मोची आई अपघातात जाते आणि भावंडांचा भार तिच्यावर पडतो. तिच्याजवळ जादूच्या गोळ्या असतात. निळी खाल्ली की दहा वर्षांनी मोठे व्हावयाचे, तांबडी खाल्ली की तितकेच लहान. शरीर कसे वाढते, मूल कसे जन्मते हे लहानांना समजावून सांगण्याचा त्यामागे उद्देश होता. येथे डॉक्टर तेझुका कामास आले, आणि या मुलीला कोणाचे उसने हृदयही लागले नाही.

१९७३ साली मुशी प्रॉडक्शनचे दिवाळे निघाले. तेझुका खचले नाहीत. त्याच वर्षी त्यांचा ‘ब्लॅक जॅक’ सुरू झाला, आणि १९७२ मध्ये आरंभिलेले गौतम बुद्धांचे दीर्घ चित्रचरित्र १९८३ पर्यंत चालले. मुलींच्या मांगाची सूत्रे मात्र तोवर स्त्रियांच्या हाती गेली होती. रियोको इकेदा यांनी १९७२ साली ‘व्हर्सायचे गुलाब’ लिहावयास घेतले. त्यातील ऑस्कर हीदेखील मुलगा म्हणून वाढविलेली मुलगी आहे. पण ती लढते ती स्वतःच्याच हृदयाने. १९७४ मध्ये ही कथा रंगमंचावर आली, आणि ती आणणारी संस्था होती ताकाराझुका.

९ फेब्रुवारी १९८९ रोजी पोटाच्या कर्करोगाने तेझुकांचे निधन झाले, तेव्हा ते साठ वर्षांचे होते. रुग्णालयातही ते चित्रे काढीत राहिले, तरी काही मालिका अपुऱ्याच राहिल्या. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, सफायर जेथे पुन्हा रेखाटली गेली होती त्याच ‘नाकायोशी’त नाओको ताकेउची यांची ‘सेलर मून’ सुरू झाली आणि जादूच्या मुली जगभर पोहोचल्या. १९९४ साली ताकाराझुकात तेझुकांच्या नावाने संग्रहालय उघडले. आई त्यांना ज्या संस्थेच्या नाटकांना नेई, तिचे नाट्यगृह तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.