मुळांचा शोध घेणारा गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

श्रीगणरायाच्या आगमनाने आपल्या इंदिरानगरातील मराठी घरे दरवर्षी एकत्र येतात. गणपती ही विद्येची देवता. तेव्हा स्मरणिकेच्या पानांवर एखाद्या विद्यावंताचे स्मरण करावे, हे उचितच. यंदा ज्यांचे स्मरण करायचे ते दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. परंतु बंगळुरूत शेतीच्या किंवा जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना त्यांचे नाव निराळ्याच कारणाने भेटते. एखाद्या पिकाच्या जनुकांचा नकाशा काढायला बसले की संगणक विचारतो, अंतर हाल्डेनच्या सूत्राने मोजायचे की कोसंबींच्या? ते नाव वाचून हा कोणी परदेशी शास्त्रज्ञ असावा असे वाटणे सहज शक्य आहे. तो गोव्यात जन्मलेला आणि पुण्यात राहिलेला मराठी माणूस होता, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

बालपण आणि हार्वर्ड

दामोदर यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबें येथे झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर पंडित. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घालणारे हे गृहस्थ पुढे हार्वर्ड विद्यापीठात विशुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेले. १९१८ साली त्यांनी मोठी मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना सोबत अमेरिकेला नेले. घरात त्याला बाबा म्हणत. शालेय शिक्षण तिकडेच झाले. मध्ये काही काळ भारतात राहून बाबा १९२६ साली हार्वर्डमध्ये दाखल झाले आणि १९२९ मध्ये उच्च श्रेणीत पदवीधर होऊन मायदेशी परतले. गणित हा मुख्य विषय असला, तरी अनेक युरोपीय भाषाही त्यांनी आत्मसात केल्या होत्या.

बनारस हिंदू विद्यापीठात आणि नंतर अलीगढ येथे अध्यापन करून १९३३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी बारा वर्षे काढली. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. शुद्ध गणितातच राहिले असते, तर त्यांचे आयुष्य सरळ गेले असते. पण त्यांचा स्वभाव तसा नव्हता.

नाण्यांचे वजन

संख्याशास्त्र शिकायचे तर ते खऱ्या प्रश्नावर वापरूनच, असे त्यांनी ठरवले. प्रथम त्यांनी विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गुण घेतले, मग प्राचीन भारतातील चांदीची आहत नाणी. या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, नुसते ठसे. मग त्यांचा क्रम लावायचा कसा? कोसंबींनी तराजू हाती घेतला आणि हजारो नाणी एक एक करून अचूक तोलली. पडताळा घेण्यासाठी आपल्या काळातली चलनातील नाणीही तोलली.

विचार साधा होता. नाणे हातोहात फिरते तेव्हा प्रत्येक व्यवहारात ते अगदी कणभर झिजते. एकाच टांकसाळीतून निघालेली नाणी वर्षे जातील तशी सरासरीने हलकी होतात आणि त्यांच्या वजनांतील आपसांतला फरकही वाढत जातो. एका नाण्याचे काय होईल हे सांगता येत नाही, पण ढिगाचे काय होईल ते सांगता येते. हे संशोधन त्यांनी १९४१ आणि १९४२ साली करंट सायन्स या नियतकालिकात मांडले. हे नियतकालिक आपल्या बंगळुरूतून निघते, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट. त्यांचे सगळेच निष्कर्ष पुढच्या नाणकशास्त्रज्ञांनी मान्य केले असे नाही. पण लेखी पुरावा नसताना वस्तूवर उरलेल्या खुणांवरून भूतकाळ वाचायची त्यांची रीत मात्र टिकली.

चार पानांचा लेख

आता उत्क्रांतीकडे वळू. डार्विनचा ग्रंथ १८५९ सालचा. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. एकाच जातीच्या जीवांत लहानसहान फरक असतात. जगू शकतील त्याहून अधिक पिल्ले जन्माला येतात. भोवतालच्या परिस्थितीला ज्यांचे गुण अधिक जुळतात त्यांची संतती अधिक उरते, आणि पिढ्यान्‌पिढ्या असे होत गेले की जातच बदलते. ही नैसर्गिक निवड. पण हे फरक मुळात येतात कोठून आणि पुढे जातात कसे, हे डार्विनला ठाऊक नव्हते. ते कोडे मेंडेलच्या वाटाण्यांवरील प्रयोगांतून उलगडू लागले. १८६६ साली छापलेल्या त्याच्या निबंधाकडे जगाचे लक्ष गेले ते १९०० मध्ये.

आज आपल्याला माहीत आहे की फरक दोन वाटांनी येतात. पहिली वाट म्हणजे जनुकांची नक्कल होताना राहणारी चूक, म्हणजे उत्परिवर्तन. दुसरी वाट अदलाबदलीची. गुणसूत्र ही जनुकांच्या मण्यांची माळ समजा. आईकडून आलेली एक माळ आणि वडिलांकडून आलेली एक. अंडे किंवा शुक्रपेशी तयार होताना या दोन माळा शेजारी येतात, एकाच ठिकाणी तुटतात आणि तिरप्या जोडल्या जातात. म्हणून प्रत्येक मुलाच्या वाट्याला येणारी माळ नवी असते. याखेरीज निव्वळ योगायोगानेही काही गुण लहान समूहात वाढतात किंवा नाहीसे होतात.

या अदलाबदलीचे महत्त्व शेतकऱ्याला लगेच पटेल. भाताच्या एखाद्या वाणात रोगाला तोंड देणारे जनुक आहे, पण त्याला लागूनच दाणा बारीक करणारे जनुक बसले आहे. दोन मण्यांच्या मधोमध माळ तुटल्याखेरीज चांगला गुण वाईटापासून सुटणार नाही. मणी जितके जवळ तितकी ही ताटातूट दुर्मीळ. यावरूनच १९१३ साली अमेरिकेत स्टर्टेव्हंट या तरुणाने फळमाशीच्या जनुकांचा पहिला नकाशा काढला. शंभर संततींत किती वेळा ताटातूट झाली ते मोजा, तेवढे अंतर.

पण यात एक खोच होती. दोन मण्यांमध्ये माळ दोनदा तुटली तर ते मणी पुन्हा एकाच माळेत येतात आणि मोजणाऱ्याला वाटते की काहीच घडले नाही. त्यामुळे लांबचे अंतर कमी भरते. जे. बी. एस. हाल्डेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१९ साली यावर सूत्र दिले. हेच हाल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तले. त्यांच्या सूत्रात प्रत्येक तूट दुसरीपासून स्वतंत्र मानली होती. प्रत्यक्षात मात्र एका जागी माळ तुटली की तिच्या अगदी जवळ दुसरी तूट सहसा होत नाही.

१९४४ साली पुण्याच्या या गणिताच्या प्राध्यापकाने इंग्लंडच्या ॲनल्स ऑफ युजेनिक्स या नियतकालिकात चार पानांचा एक लेख लिहिला. त्यात त्यांनी असे धरले की ही अटकाव करण्याची शक्ती जवळच्या अंतरात पूर्ण असते आणि अंतर वाढेल तशी ती क्रमाने ओसरत जाते. एवढ्या एका गृहीतावरून त्यांनी सुटसुटीत सूत्र काढून दिले. उदाहरण घ्यायचे तर ताटातूट शंभरात ३० वेळा दिसली, तर हाल्डेनच्या सूत्राने अंतर ४५.८ एकक येते आणि कोसंबींच्या सूत्राने ३४.७. अनेक जीवांच्या बाबतीत कोसंबींचे उत्तर वस्तुस्थितीला अधिक जवळचे ठरते. म्हणूनच ऐंशीहून अधिक वर्षांनंतरही जगभरच्या प्रयोगशाळांत ते सूत्र वापरात आहे.

नकाशांनी दिलेली साक्ष

असे नकाशे जमू लागले तेव्हा उत्क्रांतीला नवा पुरावा मिळाला. दगडांतले जीवाश्म होतेच. आता जिवंत पेशीतही जुन्या खुणा सापडू लागल्या. आपल्याकडची नाचणी, म्हणजे इथली रागी, आणि भात या दिसायला किती वेगळ्या! पण २००७ साली दोहोंचे नकाशे शेजारी ठेवून पाहिले तेव्हा लांबच लांब पट्ट्यांत जनुकांचा क्रम सारखाच निघाला. दोन गावांतल्या दोन घरी वंशावळीच्या जुन्या वहीत नावे त्याच क्रमाने लिहिलेली आढळली, तर आपण काय म्हणू? मूळ पुरुष एकच.

माणसाचेही तसेच. माणूस माकडापासून झाला असे ढोबळपणे म्हटले जाते, ते बरोबर नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज एक होते, हे खरे. चिंपांझीला ४८ गुणसूत्रे आहेत आणि आपल्याला ४६. मग दोन गेली कोठे? आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र पाहिले तर उत्तर मिळते. एरवी गुणसूत्राच्या टोकाला असणारी खूण त्याच्या मधल्या भागात सापडते. पूर्वजांची दोन गुणसूत्रे टोकाला टोक लागून जोडली गेली, त्याचा हा सांधा. झिजलेल्या नाण्याने आपले वय सांगावे, तशीच ही साक्ष.

डेक्कन क्वीनचा प्रवासी

१९४५ साली होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. तिचा आरंभ आपल्या बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या आवारात झाला आणि त्याच वर्षी ती मुंबईला गेली. भाभांच्या निमंत्रणावरून कोसंबी तेथे गणिताचे प्राध्यापक झाले. घर मात्र पुण्यातच ठेवले. डेक्कन क्वीनने रोज जाणे-येणे करीत आणि गाडीत वाचन-लेखन करीत.

सुट्टीच्या दिवशी ते पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि वाड्यावस्त्या पायी धुंडाळत. शेंदूर फासलेले दगड, म्हसोबा, वेताळ, गावोगावच्या आया यांची ठाणी त्यांनी नोंदली. अशा ठाण्यांजवळ त्यांना अश्मयुगातील बारीक दगडी हत्यारे सापडली. देवाचे ठाणे आणि आदिमानवाची वाट यांचा संबंध त्यांनी दाखवला. १९५६ सालचा भारतीय इतिहासावरील त्यांचा ग्रंथ आणि १९६२ सालचा मिथ अँड रिॲलिटी हे याच भटकंतीचे फळ.

परंतु नोकरीत दिवस फिरले होते. कोसंबी मार्क्सवादी विचारांचे आणि जागतिक शांतता चळवळीत वावरणारे होते. अणुशक्तीपेक्षा भारताने सूर्यशक्तीकडे वळावे असे ते उघड बोलत, आणि देशाच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रमुख भाभाच होते. त्यातच १९५९ साली रीमानच्या प्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता मिळाल्याचा दावा त्यांनी केला. गणितज्ञांनी ती मान्य केली नाही आणि त्यांच्या नावलौकिकाला मोठा धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही. थोर माणसाचेही सगळेच अंदाज खरे ठरत नाहीत, हे त्यांच्या चरित्रात झाकून ठेवण्याचे कारण नाही. चूक कोठे झाली हे तपासून दाखवता येते, म्हणून तर ते शास्त्र.

तरीही ते थांबले नाहीत. १९६५ साली प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ आला. २९ जून १९६६ रोजी पुण्यातील राहत्या घरी, झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८. भारत सरकारने २००८ साली त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

२०२३ साली दहावीच्या केंद्रीय पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळल्याबद्दल देशभरातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी जाहीर नापसंती नोंदवली. आपल्यापैकी अनेकांची मुले तीच पुस्तके वाचतात. पुस्तकात एखादा धडा असो वा नसो, घरात तो सांगायला कोणाची हरकत नाही. उद्या नाश्त्याला नाचणीचे आंबील किंवा रागीचा डोसा झाला, तर मुलांना जरूर सांगा की ही भाताची दूरची बहीण आहे, आणि अशी नाती मोजायची एक पट्टी आपल्याच एका मराठी माणसाने चार पानांत जगाला दिली.

अशा या प्रज्ञावंतास विनम्र अभिवादन.