सत्संग सापडला समुद्रापलीकडे

परदेशी गेलो की आपण आधी आपला सत्संग कुठे भरतो ते विचारतो. गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींना मात्र आपली माणसं गावात सापडलीच नाहीत. मराठीत बुद्धचरित्र वाचलं आणि मन तिथेच जडलं. १८९९ साली ते घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी करत नेपाळला पोचले, पण निराश झाले. १९०२ मध्ये श्रीलंकेत, कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्य भेटले. तिथे पाली शिकले, दीक्षा घेतली. मागे राहिलेल्या पत्नी बाळाबाई आणि लहानगी लेक यांचं काय, हा प्रश्न आम्हा बायकांना पडतोच. पुढे ते संसारात परतले, मिळवलेलं ज्ञान मराठीत लिहून वाटलं. दूर मिळालेला सत्संग घरी आणावा, एवढं आपण घेऊया.