एकसारखे दिसणारे तीन पक्षी, आणि ते कानाने ओळखणारा पाद्री

जंगलात पक्षी गातोय, पण पानांत काही केल्या दिसत नाहीये. असं तुमचंही झालं असेल. मग तो ओळखायचा कसा? अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका पाद्र्याने हे करून दाखवलं.

नाव गिल्बर्ट व्हाइट. जन्म १७२० चा, हॅम्पशायरमधल्या सेलबोर्न गावात. तिथल्या झाडीत पानांच्याच रंगाचे, चिमणीपेक्षा लहान वटवटे फिरायचे. बहुतेकांच्या लेखी ते सगळे एकच. व्हाइट यांना मात्र गाणी तीन ऐकू आली. एक पक्षी ‘चिफ-चॅफ’ एवढंच घोकायचा. दुसऱ्याचं गोड गाणं वरून खाली उतरत जायचं. तिसरा उंच बीचच्या शेंड्यावरून थरथरती तान घ्यायचा.

पण नुसत्या कानावर ते थांबले नाहीत. तिन्हींचे नमुने समोर ठेवून त्यांनी ताडून पाहिलं. आकार वेगवेगळे निघाले, ‘चिफ-चॅफ’वाल्याचे पाय काळे निघाले. १७६८ मध्ये त्यांनी निसर्ग अभ्यासक थॉमस पेनंट यांना कळवलं, हे तीन वेगळे पक्षी आहेत.

ही पत्रं १७८९ मध्ये पुस्तकात आली. चार वर्षांनी व्हाइट सेलबोर्नमध्येच वारले.

पुढच्या वेळी जंगलात गेलात, तर दुर्बीण लावण्याआधी कान लावा.