शिकारीच्या रानातील सम्राज्ञी एलिझाबेथ

ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ हिचे नाव आपल्या ज्ञातिबंधुभगिनींपैकी अनेकांनी तिच्या सौंदर्यामुळे, नाहीतर तिच्या शोचनीय अंतामुळे ऐकले असेल. आम्हांस येथे तिच्या चरित्रातील निराळा भाग सांगावयाचा आहे. दरबारी रीतिरिवाजांचा जिला मनस्वी तिटकारा, तीच बाई कुत्र्यांच्या शिकारीमागे घोडा घालताना तेथील रीत मात्र निमूटपणे पाळी.

तिचा जन्म २४ डिसेंबर १८३७ रोजी म्यूनिक येथे झाला. वडील बव्हेरियाचे ड्यूक मॅक्सिमिलियन, घोड्यांचे शौकीन. मुलीचे बालपण मोकळ्या रानात गेले. १८५४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, सम्राट फ्रान्झ जोझेफ याच्याशी विवाह होऊन ती व्हिएन्नाच्या राजवाड्यात आली. तेथे सासूची करडी नजर आणि उठण्याबसण्याचे नियम! तिचा जीव रमला नाही. घोडा हाच तिचा विसावा झाला.

१८७५ मध्ये नॉर्मंडीत घोडा कोसळून तिच्या डोक्यास जबर मार बसला. तरीही पुढच्याच वर्षी ती शिकारीसाठी इंग्लंडात नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यात उतरली.

ही शिकार म्हणजे बंदुकीची शिकार नव्हे. खोकडाचा (त्याला आपण सरसकट कोल्हाच म्हणतो) गंध घेत कुत्र्यांचा कळप पुढे धावतो आणि मागून स्वारांचा जमाव कुंपणे व चर ओलांडीत येतो. शिकारीच्या प्रमुखास मास्टर म्हणतात. त्याचा शब्द राजासही मोडता येत नाही. कुत्र्यांच्या पुढे कोणी घोडा काढावयाचा नाही. काढल्यास गंध विस्कटतो आणि मुके जनावर टापांखाली सापडते. कुंपणापाशी आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचे. पुढील स्वार पलीकडे सुखरूप उतरून दूर गेल्याखेरीज उडी घेऊ नये, कारण तो पडला असल्यास मागचा घोडा नेमका त्याच्या अंगावर येतो. अडणारा घोडा बाजूस घ्यावा. लाथाळ घोड्याच्या शेपटीस तांबडी फीत बांधण्याची चाल आहे. पेरलेल्या शेतातून न जाता बांधाने जावे, उघडलेले फाटक लावून घ्यावे. शेतकरी रुष्ट झाला की शिकार संपली! इंग्लंडात खोकडामागे कुत्री घालण्यास २००५ पासून कायद्याने बंदी आहे. परंतु कृत्रिम गंधाच्या मागावर जे स्वार जातात, त्यांनाही हीच शिस्त लागते.

लॉर्ड स्पेन्सर यांनी सम्राज्ञीस वाटाड्या म्हणून कॅप्टन मिडल्टन हा नामांकित स्वार दिला. राजस्त्रीला सांभाळण्याचे काम त्यास प्रथम रुचले नाही. परंतु तिची बैठक पाहून त्याचे मत पालटले. तो जेथून उडी घेई तेथूनच, योग्य अंतर राखून, ती घेई. सम्राज्ञीने साध्या कॅप्टनच्या मागे चालावे, यातच तिचे शहाणपण दिसते. वाटाड्याने जमीन पारखलेली असते. उगाच स्वतःची वाट काढणारा चरात जातो.

ती दोन्ही पाय एकाच बाजूस ठेवण्याच्या बायकी खोगिरावर बसे. त्या खोगिराच्या शिंगांमुळे मांड पक्की राहते खरी, पण घोडा कोसळला तर स्वार सहज सुटत नाही, आणि घागरा अडकल्यास फरफटत जाण्याचे भय. असे असता हा पोशाख ती अंगावर घट्ट शिवून घेई. ही हौस आम्हांस मुळीच पसंत नाही.

१८७९ साली आयर्लंडात एका हरणाच्या मागे ती थेट मेनूथच्या धर्मविद्यालयाच्या आवारात जाऊन पोहोचली. तेथील पाद्र्यांनी तिचे आदरातिथ्य केले. पुढे तिने भेट म्हणून सेंट जॉर्जची रुपेरी मूर्ती दिली; पण तो पडला इंग्लंडचा संत! मग आयर्लंडची त्रिदळी पाने भरलेली जरीची धर्मवस्त्रे तिने पाठविली.

१८८२ नंतर तिने शिकार सोडली. १८८९ मध्ये एकुलता एक पुत्र रुडॉल्फ गेला. त्या दुःखातून ती सावरली नाही. १८९२ साली घोड्यांच्या एका शर्यतीत मिडल्टन पडून मान मोडून मृत्यू पावला. इतकी वर्षे दुसऱ्यास धोक्यांतून सुखरूप नेणारा तो मनुष्य! आणि १० सप्टेंबर १८९८ रोजी जिनिव्हाच्या सरोवरकाठी बोटीकडे पायी जात असता लुकेनी नामक माथेफिरूने धार लावलेली कानस तिच्या छातीत खुपसली. ती उठून बोटीपर्यंत चालत गेली आणि तेथे कोसळली. व्हिएन्नाच्या कापुचिन मठाच्या तळघरात राजघराण्याच्या इतर थडग्यांशेजारी तिला ठेवण्यात आले.