मराठीचे पाणिनी : दादोबा पांडुरंग

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म १८१४ साली मुंबईत झाला. सुरतेस व मुंबईस त्यांनी शिक्षकाचे काम केले. १८३६ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. पुढे मुलांसाठी त्यांनी लघुव्याकरणही लिहिले.

काळा बैल, काळी गाय, काळे वासरू हे शेतकऱ्याचे पोर न शिकताच बोलते. पण ‘लाल’ मात्र तिन्हींपुढे तसेच राहते, ही विशेषणाची रीत पाटीवर लिहिताना व्याकरणामुळे उमगते. घरच्या बोलण्यालाही नियम आहेत हे कळले, की घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्या आमच्यासारख्यांची लेखणी बिचकत नाही.

१८८२ साली दादोबा निवर्तले. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!